एक ना धड...

शाळेतल्या माझ्या कपाटात हजेरीपट, खडूंची खोकी आणि तपासायच्या वह्या यांच्या सोबतीला गेले तीन महिने एक फुटबॉल पडून होता. श्रावणात त्याने सातवीच्या वर्गाचे तावदान फोडले आणि मी तो जप्त केला. चेंडू ज्याच्या पायातून सुटला, तो माझ्याच वर्गातला. अंगाने शिडशिडीत, शुद्धलेखनात कच्चा. पण मैदानावर उतरला की नुसता पारा! मधल्या सुट्टीत फुटबॉल आणि शाळा सुटल्यावर हँडबॉल. तालुक्याच्या स्पर्धेसाठी ड्रिलमास्तरांनी दोन्ही संघांत त्याचे नाव घातले होते.

त्या दिवशी मी त्याला साऱ्या वर्गादेखत उभे केले आणि म्हणालो, "एक ना धड, भाराभर चिंध्या! दोन डगरींवर पाय ठेवू नये माणसानं. काय ते एक ठरव."

त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांतून नाव काढून घेतले.

आता गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की हीच म्हण मी स्वतः गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. दिवसा शाळा आणि रात्री कादंबरी, असा माझा संसार. शिक्षकांच्या खोलीत कोणी ना कोणी म्हणतोच, "मास्तर, एक काय ते करा. लेखक व्हा, नाहीतर शिक्षक राहा." चहाचा पेला हातात घेऊन मी हसतो, रात्री मात्र ते बोल झोप येऊ देत नाहीत. आणि तेच मी बारा वर्षांच्या पोराच्या अंगावर फेकले!

पुढे नवरात्रात एका कथेसाठी जुन्या ऑलिंपिकची माहिती चाळत होतो. तिथे मला डेन्मार्कचा एक गृहस्थ भेटला. नाव क्नुड लुंडबर्ग, जन्म १९२० सालचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघाने ब्रिटनला ५-३ असे हरवून कांस्यपदक मिळवले, त्या संघातला हा खेळाडू. पण हाच गृहस्थ डेन्मार्कच्या हँडबॉल संघातूनही खेळला आणि बास्केटबॉल संघातूनही! देश थंड. हिवाळ्यात मैदाने गोठली की तिकडची पोरे छपराखाली हँडबॉल खेळतात. फुटबॉलमध्ये हाताला मनाई, हँडबॉलमध्ये पायाला. पण मोकळी जागा हेरणारा डोळा दोन्हीकडे एकच. हँडबॉलमध्ये चेंडू हाती आला की तीन पावले आणि तीन सेकंद, एवढीच मुदत. तेवढ्यात आपला गडी कुठे मोकळा आहे ते दिसले पाहिजे. हिवाळ्यात कमावलेली ही नजर उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानावर वाया कशी जाईल?

बरे, खेळापुरतेच असते तर मी मनाची समजूत घातली असती. पण हा मनुष्य पेशाने डॉक्टर, शिवाय वर्तमानपत्रात खेळांवर लिहिणारा, आणि (इथे मी चष्मा पुसला) कादंबरीकारसुद्धा! १९५० च्या दशकात बसून त्याने १९९६ च्या ऑलिंपिकमधल्या ८०० मीटर शर्यतीवर कादंबरी लिहिली. त्याच लंडनला १९४८ साली आपला फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिंपिक खेळला, बहुतेक गडी अनवाणी. आणि फ्रान्सकडून २-१ असा हरला. त्या संघाचे कप्तान तालिमेरेन आओ तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी होते. पुढे डॉक्टर होऊन ते नागालँडात परतले. चिंध्या म्हणायच्या, तर कुणाकुणाच्या?

खरा चिमटा मला पुढेच बसला. हा हँडबॉल आला कुठून? डेन्मार्कमधल्याच ऑर्ड्रपच्या शाळेतून. फुटबॉलने खिडक्यांच्या काचा फुटू लागल्या म्हणून तिथल्या अंगणात त्याला बंदी झाली. तेव्हा होल्गर निल्सेन नावाच्या मास्तरांनी चेंडू मुलांच्या हातात दिला, नवा खेळ रचला आणि १९०६ साली त्याचे नियम छापले. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये या मास्तरांनी तलवारबाजी आणि नेमबाजी, दोन्हींत पदके मिळवली होती. बुडालेल्याला कृत्रिम श्वास देण्याची एक पद्धतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काच त्यांच्याही शाळेत फुटली आणि माझ्याही. त्यांनी मुलांना आणखी एक खेळ दिला. मी होते ते दोन काढून घेतले.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मी त्या मुलाला थांबवून घेतले आणि कपाट उघडले. चेंडूतली निम्मी हवा गेली होती.

"हा घे. काचेचे पैसे मी भरलेत."

तो हात पुढे करीना. "कुठला खेळू, गुरुजी?"

"दोन्ही."

"पण स्पर्धा तर होऊन गेल्या, गुरुजी."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. "माझं चुकलं, बाळ," एवढेच म्हणालो. त्याने चेंडू घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, "हवा भरायला पाहिजे."

नाक्यावरच्या सायकलच्या दुकानात आम्ही दोघे गेलो. चेंडू टणक झाल्यावर त्याने तो आधी पायाने वर उडवला आणि मग दोन्ही हातांनी झेलला. मी घरी आलो, जेवलो आणि अर्धी राहिलेली कादंबरी पुढे ओढली.