डबा हुडकताना

नांदेड ढोबळमानाने १९.१५ उत्तर, ७७.३० पूर्व. फोनच्या नकाशावर हे असे दशांशात दिसते. जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे आकड्यांवरून लपवलेला डबा हुडकायच्या खेळात, मात्र अंश आणि मिनिटे लिहायची रीत आहे: १९° ०९.०००', ७७° १८.०००'. मी पहिल्यांदा टिंबापुढचे १५ आणि ३० हीच मिनिटे समजून जीपीएस यंत्रात भरली. बाण मुदखेड-भोकरच्या बाजूला दाखवू लागला, चोवीसेक किलोमीटर लांब. टिंबापुढच्या भागाला ६० ने गुणले की मिनिटे येतात. यंत्राची सेटिंग तपासल्याशिवाय आता मी गाडीला किक मारत नाही.

*

हा खेळ ३ मे २००० चा. उपग्रहांच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक अमेरिकी सरकारने त्याआधीच्या एक-दोन दिवसांतच काढून टाकली होती. तोवर साध्या यंत्राचा नेम शंभर मीटरपर्यंत ढळायचा. चूक निघाली आणि डेव्ह अल्मर यांनी ओरेगनच्या रानात एक बादली ठेवून तिचे आकडे सगळ्यांना कळवले. शोधायचे, आतल्या वहीत नाव लिहायचे, डबा होता तिथेच ठेवायचा. आपल्याकडे खेळणारे अजून मोजकेच आहेत.

*

मोटरसायकलच्या हँडलला लावलेले यंत्र खड्ड्यात गचका बसला की बंद पडते. बिघाड नसतो. दोन पेन्सिल सेल आत हलतात आणि स्प्रिंगचा स्पर्श क्षणभर सुटतो. पोस्टकार्डाची पट्टी दुमडून सेलच्या बाजूला खोचली की काम भागते. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकारही तसाच निवडा, नाहीतर बॅटरीचा आकडा खोटा दिसतो.

*

यंत्र महिनोन् महिने कपाटात राहिले असेल तर उघड्या आभाळाखाली पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. उपग्रहांची पूर्ण जंत्री उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. छताखाली उभे राहून बटणे दाबण्यात अर्थ नाही.

जुने यंत्र चुकीची तारीख दाखवत असेल तर घाबरू नये. उपग्रहांचा आठवड्यांचा हिशेब १०२४ वर संपून पुन्हा शून्यावर येतो. असे शेवटचे एप्रिल २०१९ मध्ये झाले. बऱ्याच यंत्रांत तारीख चुकली तरी जागा बरोबर येते.

*

बाण शेतात न जाता सारखा डांबरी सडकेला चिकटत असेल तर 'लॉक ऑन रोड' चालू राहिलेले असते. ते बंद करून मार्ग 'सरळ रेषेत' करावा.

आणि सुधारणा देणाऱ्या उपग्रहांचा पर्याय चालू ठेवावा. यंत्रात त्याला अमेरिकी नाव असते, पण इथे त्यावर आपला गगन येतो. विमानांसाठी उभारलेली ही व्यवस्था बांधावर उभ्या माणसालाही फुकट मिळते.

*

होकायंत्राबद्दल. स्वस्त यंत्रात ते नसतेच. तुम्ही चालता तेव्हाच दिशा कळते. थांबून यंत्र गरगर फिरवले तर बाण भलतीकडे जाणारच. ज्यात होकायंत्र आहे, त्यात सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. लातूरकडचा काळा खडक लाव्हाचा, त्यात लोहखनिजाचे कण. यंत्र दगडावर टेकवून दिशा बघू नये, हातात धरून दोन पावले दूर उभे राहावे. नांदेडच्या आग्नेयेला देगलूर-बिलोलीकडे काळा खडक संपतो आणि ग्रॅनाइटच्या गोल धोंडी लागतात. तिथे अडचण वेगळी. धोंडींच्या फटीत आभाळ अर्धेच दिसते.

*

जुने टोपोशीट घेऊन फिरणाऱ्यांसाठी. त्या नकाशांचा पाया १८३० चा, एव्हरेस्ट या मोजणीदाराने ठरवलेला; उपग्रहांचा पाया निराळा. यंत्रात पायाची निवड चुकली तर तेच आकडे एखाद्या वाडीएवढे बाजूला पडतात. एव्हरेस्टच्या आधी हे काम करणाऱ्या लॅम्बटन यांची मोजणी बीदरजवळच्या दामरगिड्ड्यापासून वऱ्हाडाकडे सरकली ती आपल्याच देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यातून. १८२३ मध्ये ते हिंगणघाटला वारले. लोखंडी साखळ्या आणि अजस्र थिओडोलाइट घेऊन हे लोक याच उन्हातान्हातून गेले. खिशातल्या यंत्रात तो पर्याय निवडताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

*

अर्धापूरकडची केळीची बाग. ओल्या रुंद पानांखाली संकेत इतका क्षीण झाला की यंत्र पंचवीस मीटरची चूक कबूल करू लागले. मी यंत्र डोक्यावर धरून सरीतून पुढे-मागे करत होतो. धुऱ्यावरून आवाज आला, "काय मोजायलाव?"

मागे वळलो. साठीचे गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, हातात विळा. जमिनी घेणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी या भागातून निघाल्यापासून शेतात यंत्र घेऊन उभा असलेला अनोळखी माणूस म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. मला मात्र ते तिथे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळले. यंत्र त्यांच्या हातात दिले, पडदा दाखवला, खेळ सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी घराकडं यायचं होतं."

चूक माझी होती. तेव्हापासून आधी घर, मग शेत. मालकाची परवानगी, गावात पोलीस पाटलांच्या कानावर घालणे, आणि यंत्र पिशवीत. बाकी सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल, एवढी विसरू नका.

*

कंधार, औसा, उदगीर, माहूर इथल्या किल्ल्यांत काहीही लपवू नये. गुप्तधनाच्या नादाने जुन्या वास्तूंत खणाखणी होते. फटीत हात घालणाऱ्या माणसाकडे लोक त्याच नजरेने पाहतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. अशा ठिकाणी डब्याऐवजी प्रश्न ठेवावा. खरोसा लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. भिंतीची छिद्रे बघा, रंग बघा, वेरूळच्या काळ्या दगडाशी ताडून बघा आणि फरक लिहून पाठवा. हाच शोध.

नांदेडचा गुरुद्वारा परिसर, स्टेशन, बाजार इथेही डबा नको. बेवारस डबा दिसला की पोलिसांना धावावे लागते. रानातला डबासुद्धा आरपार दिसणारा हवा, वर मराठीत ठळक लिहिलेले: हा खेळ आहे, आत वही आहे.

*

वहीसोबत पेन नको, शिसपेन्सिल. पावसाळ्यात शाई पसरते. खाऊ कधीच ठेवू नये, मुंग्या आणि वानरे आपल्या आधी पोचतात.

फटीत आधी काठी, मग बॅटरीचा उजेड, शेवटी हात. घोणस आणि फुरसे दोन्ही आपल्या भागात आहेत.

फेब्रुवारीत करडईच्या रानातून सरळ रेषेत जाऊ नये. काटे पँटमधून आत जातात.

*

शेवटच्या दहा मीटरला यंत्र खिशात घालावे. आकडा तीन, सात, दोन असा नाचत राहतो आणि माणूस त्याच्यामागे गोल गोल फिरतो. दोन वेगवेगळ्या बाजूंनी चालत यावे. बाणाच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे डोळ्यांनी बघावे. रचलेले दगड, वाळका पाला, नको तिथे सपाट फरशी.

*

अर्धापूरच्या त्याच गृहस्थांनी पुढे स्वतःच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली डबा ठेवू दिला. वर्षाने गेलो तर डबा नव्हता. मी पाऊण तास हुडकले, मग घराकडे गेलो. त्यांनी माळवदावरून डबा काढून दिला, धूळ पुसून. "पाळी घालायची होती, बैलाच्या पायाखाली आला असता." वहीत त्यांच्या नातीने पेन्सिलीने नाव लिहिले होते.

आता जागा विहिरीच्या थारोळ्याजवळ ठरली आहे. आकडे दोन वेगळ्या दिवशी, वीस-वीस मिनिटांची सरासरी लावून घ्यायचे आहेत. रविवारी जातो.