सापळ्यातला खोटा आकडा



मागच्या वर्षी सप्टेंबरात या पानावर मी एक नोंद टाकली होती. कपाशीत गुलाबी बोंडअळीचे पतंग कमी आहेत, सापळ्यात दोन-तीनच येतात, सध्या घाबरायचं काम नाही, अशी. बऱ्याच जणांनी ती लाईक केली, दोघा-तिघांनी आपल्या गावच्या ग्रुपवर पुढं पाठवली. ती नोंद खोटी होती. आकडा मी मनानंच लिहिला होता. त्या दिवशी मी सापळ्याकडं गेलो नव्हतो, आणि त्याच्या आधीचे दहा दिवस बी गेलो नव्हतो.

वर्षभर हे पोटात ठेवलं. यंदा पोळ्याच्या आधी सापळे परत लावले तेव्हा वाटलं, आधी हे सांगून टाकावं, मगच यंदाचे आकडे लिहावेत.

दहा दिवस मी कुठं होतो? वावरातच होतो. हीच तर गंमत आहे. रोज सकाळी साडेसहाला घरून निघायचो, बांधावरच्या लिंबाखाली टेकायचो आणि पाच मिनिटं म्हणून मोबाईल काढायचो. आधी जालना मार्केटचा सोयाबीनचा भाव. मग पावसाचा अंदाज, तो बी तीन वेगवेगळ्या माणसांचा. मग बोंडअळीचा एक व्हिडिओ. इथपर्यंत कामाचं म्हणता येईल. त्याच्या खाली आपोआप दुसरा यायचा. पंजाबातल्या ट्रॅक्टरची टोचन, विहिरीत पडलेला बिबट्या, कोणाची तरी भांडणं, कोणाचं तरी लग्न. मान वर करावी तर साडेनऊ. ऊन झालेलं, कारभारणीचा भाकरीसाठी फोन आलेला. माझ्यापासून दोनशे फुटांवर सापळा टांगलेला होता आणि मी बोंडअळी कशी ओळखायची हे स्क्रीनवर बघत होतो.

त्यात कृषी सहायकांचा फोन यायचा, "काका, पतंग किती?" मी म्हणायचो, "दोन-तीन." त्यांनी विश्वासानं लिहून घेतलं. त्यांचा यात काही दोष नाही.

नवीन वाचकांसाठी थोडं सांगतो. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, ल्युर म्हणतात तिला. नर पतंग त्या वासानं येतो, मादी काही तिथं नसते, आणि तो खालच्या पिशवीत अडकतो. नजर ठेवायची तर एकरी दोन सापळे पुरतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग आणि असे सलग तीन दिवस सापडले, की समजायचं नुकसानीची पातळी ओलांडली. दुसरी खूण डोमकळीची. फूल उमलत नाही, पाकळ्या मिटलेल्या राहतात, उघडून बघितलं तर आत अळी. हिरवी बोंडं २० तोडून फोडायची, दोन जरी किडकी निघाली तरी फवारणीला लागायचं. कारण ही अळी बोंडात शिरली की भोक बुजून जातं. वरून बोंड टवटवीत दिसतं, औषध आत पोहोचत नाही. २०१७ साली आपल्या राज्यात काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय. ते भोगलेला माणूस मी, तरी असा वागलो.

अकराव्या दिवशी आमचा सालगडी एक डोमकळी हातावर घेऊन आला. पळत जाऊन पिशवी सोडली. पतंग मोजायच्या पलीकडं होते, निम्मे सुकून चुरा झालेले. फवारणी केली, पण वेळ गेली होती. पहिली वेचणी बरी झाली. दुसऱ्या वेचणीला बाया म्हणाल्या, "काका, निस्ती कवडीच हाय की हो." चार एकरात एरवी एकरी नऊ क्विंटल निघायचा तिथं सहा निघाला. बारा क्विंटल गेला. सात हजारानं धरा, ८४ हजार होतात.

तरी ते माझं होतं. माझ्या चुलतभावाची तीन एकर कपाशी माझ्या शेजारीच आहे. त्यानं स्वतःचा सापळा लावला नव्हता, माझी नोंद वाचून फवारणी आठ दिवस पुढं ढकलली. कापूस कमी निघाल्यावर तो एवढंच म्हणाला, "दादा, मी तुमच्या नोंदीवर राहिलो." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच्या पोरीच्या कॉलेजची फी त्या कापसावर होती. ती फी निम्मी मी भरली, पण का भरली ते त्याला सांगितलं नाही. आज तो हे वाचेल.

दिवाळीला थोरला पुण्याहून आला. त्यानं माझ्या मोबाईलची सेटिंग उघडून दाखवली. रोजचा वापर ५ तास ५० मिनिटं. मला वाटत होतं तासभर असेल. त्यानं आणखी एक सांगितलं. हे खाली खाली सरकवत राहायचं आणि पान कधीच संपायचं नाही, ही युक्ती २००६ साली एझा रॅस्किन नावाच्या अमेरिकन माणसानं काढली, आणि पुढं त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. आपल्या कामात असं नसतं. तास संपला की धुरा येतो, बैलं वळवावी लागतात. धुऱ्यावर माणूस थांबतो, तंबाखू मळतो, मागं वळून बघतो. या मोबाईलला धुराच नाही.

सवय लागली कधी, हे बी मी आठवून बघितलं. २०१६ ला जिओ आलं, फुकट नेट मिळालं, तेव्हापासून थोडं थोडं. पण पक्की झाली ती रात्रीच्या लाईटीनं. रब्बीत मोटारीची लाईट रात्रीची, हरभऱ्याला आणि मोसंबीला पाणी द्यायचं तर आखाड्यावर जागावं लागतं. एकटा माणूस, थंडी, बारं मोडायला तासभर वेळ. पूर्वी बाजूच्या वावरातला कोणी तरी शेकोटीला यायचा. आता त्याच्या आखाड्यावर बी मोबाईलचा उजेड दिसतो.

सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाईल बंद. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली, मग पोरं मोबाईल सोडेनात, म्हणून सरपंच विजय मोहिते आणि गावानं मिळून ते ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईलबंदीचा ठराव केला. मी आमच्या ग्रामसभेत हा विषय काढला. एक जण म्हणाला, "आधी दिवसाच्या लाईटीचं बोला." सगळे हसले, मी बी हसलो. खरं सांगू का, त्याचं चूक नव्हतं. आणि पोरांना बंदी करायची तर ५४ वर्षांच्या बाप्यांचं काय करायचं, हे कोणत्या ठरावात लिहिणार?

मी बटणाचा मोबाईल घेऊन बघितला. सोळा दिवस टिकला. ई-पीक पाहणी करायची तर ॲप पाहिजे, वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो. पीकविमा, पीएम किसानची केवायसी, बाजारभाव, सगळं त्याच्यातच. मोठा मोबाईल परत आला. पोरानं टायमर लावून दिला, तो कसा काढायचा ते मी दोन दिवसांत शिकलो. एवढ्या तत्परतेनं मी ठिबकचं व्हेंचुरी सुद्धा शिकलो नव्हतो.

आता असं चालू आहे. सकाळी मोबाईल घरी देवळीत राहतो, वावरात बटणाचा. भाव आणि हवामान दुपारी जेवल्यावर, कारभारीण समोर बसलेली असताना. ती काही बोलत नाही, फक्त सुपारी कातरता कातरता बघते. तेवढं पुरतं. रात्रीच्या पाण्याचं अजून जमलेलं नाही. मागच्या रब्बीत रेडिओ नेला, आठ-दहा रात्री चांगल्या गेल्या, मग एका रात्री मोबाईल बंडीत घालून नेलाच आणि बारं फुटून पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत गेलं. वापर मी रोज वहीत लिहितो, पतंगांच्या शेजारच्या रकान्यात. परवा १ तास ४० मिनिटं. मागच्या रविवारी ४ तास १० मिनिटं होता, तो बी तसाच लिहिलाय, खोडला नाही.

ही नोंद आधी वहीत लिहिली, मग सूनबाईनं टाईप करून दिली.

यंदाचे आकडे, आठही सापळे सकाळी सातच्या आत स्वतः जाऊन मोजलेले, सापळ्यामागं सरासरी: सोमवारी ४, मंगळवारी ६, काल ९. आज ८. वीस बोंडं फोडली, एकात अळी निघाली. डोमकळ्या पूर्वेच्या तुकड्यात जास्त दिसल्या, तेवढ्या तोडून जाळल्या. उद्याचा आकडा आठ किंवा वर आला तर परवा फवारणी. ज्यांची लागवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे त्यांनी माझ्यावर राहू नये, आपला सापळा आपण बघावा. ल्युर लावून महिना झाला असेल तर बदलून घ्या. उद्याचा आकडा संध्याकाळी टाकतो.