वहिनींची पद्मिनी

कॅमशाफ्ट हा शब्द दिवाळी अंकात पाहून भगिनीवर्गाने पान उलटू नये. या प्रकरणाचा निकाल शेवटी आमच्या वहिनींनीच लावला. आम्ही पुरुषमंडळींनी दोन महिने नुसती चर्चा केली.

प्रकरण आमच्या थोरल्या भावाच्या गाडीचे. १९६४ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डी निघू लागली आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, १०८९ सीसीचे इंजिन, आणि नाव थेट चितोडच्या राणीचे! मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला. आमच्या वाशिमात ती अजून नांदते आहे. दादा गेला, गाडी राहिली. आता ती वहिनी चालवतात. वय चौसष्ट. त्यांच्या नव्वदीच्या मातुःश्री अकोल्याला असतात, म्हणून दर पंधरवड्याला मालेगाव, पातूर करीत वहिनी एकट्या जातात आणि दुसऱ्या दिवशी परततात.

पुतण्या पुण्यास इंजिनिअर आहे. यंदा सुट्टीत आला तो सोबत एक तक्ता घेऊनच. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, तो आमच्या जिल्ह्यातून जातो. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. या मार्गावर बाबांची गाडी धापा टाकते आणि मागच्या गाड्या दिवे दाखवतात, हे त्याच्या मनाला लागले होते. "काका, कॅम बदलला की गाडी बदलली म्हणून समजा," तो म्हणाला.

आता कॅम म्हणजे काय, ते मी गणिताच्या मास्तराला जमेल तसे सांगतो. इंजिनाच्या पोटात एक पोलादी दांडी असते. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत ती एकदा फिरते आणि प्रत्येक उंचवटा टॅपेट, पुशरॉड, रॉकर असे एकेक ढकलीत शेवटी व्हॉल्व उघडतो. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल, तर एकेक व्हॉल्व सेकंदाला ३३ वेळा उघडतो आणि मिटतो. संपादकांची स्मरणपत्रे येण्याचा वेगही यापेक्षा कमीच म्हणायचा.

दार किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, एवढेच या दांडीच्या हातात. हा वेळ क्रँकच्या अंशांत मोजतात. ढोबळमानाने घरगुती गाडीला अडीचशेच्या आसपास, जरा उत्साही गाडीला २७०, आणि शर्यतीला ३०० च्या पुढे. इंजिन जोरात फिरते तेव्हा पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला आत शिरायला उसंत मिळत नाही, म्हणून दार जास्त वेळ उघडे ठेवायचे. पण तेच दार गाडी सावकाश चालताना घात करते. पिस्टन वर निघाला तरी दार उघडेच, मग आत आलेले मिश्रण आल्या वाटेने परत जाते. शिवाय येण्याचे आणि जाण्याचे दार काही काळ एकदमच उघडे असते. भर पंगतीत बाहेर पडणाऱ्यांच्या ओघाने आतली गर्दी हलते, तसे वेगात याचा फायदा होतो. एरवी दारात नुसता घोळ. गाडी जागच्या जागी थरथरते, पेट्रोल पिते आणि मध्येच बंद पडते.

पुतण्याच्या तक्त्यात ३०० अंशांवर लाल खूण होती! तुरीनमध्ये कार्लो आबार्थने फियाटच्या छोट्या गाड्यांना कसे पळवले, मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट कशा धावल्या, हे सारे त्याने मला ऐकवले. खोटे काहीच नव्हते. पण शोलावरमला पाटणी चौक नव्हता, हे मी त्याच्या नजरेस आणले.

आमचे मिस्त्री दादाच्या वेळेपासूनचे. त्यांनी तक्ता उलटासुलटा पाहिला नि म्हणाले, "मास्तर, या दांडीतून नवी ताकद निंघत नाही. खालची काढून वर द्या लागते. गाडी कुठं चालवता ते सांगा, मंग मी शाफ्ट सांगतो." मला विचाराल तर त्या तक्त्यापेक्षा हे वाक्य मोलाचे होते.

खरी अडचण पुढेच होती. नवी दांडी मिळेना, म्हणून जुनीच कोइमतूरला पाठवून घासून आणायची असे ठरत होते. घासताना उंचवट्यात भर पडत नाही. त्याची पाठ कमी करतात, म्हणजे उंची सापेक्ष वाढते. एकदा घासली की पूर्ववत होणे नाही. दादाने ज्या आवाजावर पंचवीस वर्षे गाडी ओळखली, तो आवाज कायमचा जाणार होता. मी हे बोललो नाही. पुतण्याही गप्प होता. बाबांची गाडी मागे पडू नये, ही त्याची माया होतीच की.

वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, पातूरच्या चढावर पुढे ट्रक असला तर मी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय अर्धा क्लचवर ठेवून चालते. तिथे ही बंद पडणार का?"

पुतण्याने तक्त्यात बोट घातले. खालच्या फेऱ्यांशी रेघ पार झोपली होती.

"पडेल," तो म्हणाला.

"मग आईकडे कोण जाईल रे?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी कारंज्याच्या एका मोडीत निघालेल्या पद्मिनीतून दुसरी दांडी मिळवली. ती २६५ अंशांना घासून आणली. दादाची दांडी तेलाच्या फडक्यात गुंडाळून वहिनींच्या कपाटात गेली. बसवण्याआधी मिस्त्रींनी पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची वडी थापली, क्रँक हाताने फिरवला आणि दबलेली माती सुरीने कापून जाडी मोजली. व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यात दीडदोन मिलिमीटर तरी अंतर हवे, नाहीतर एकमेकांवर आपटतात. मग इंजिन सुरू करून वीस मिनिटे २००० च्या आसपास फिरवत ठेवले; दांडी आणि टॅपेट यांची ओळख होईपर्यंत त्याला थांबू देत नाहीत. शेजारचे लोक कोणाचे लग्न आहे म्हणून विचारून गेले.

शेलूबाजारपाशी समृद्धीवर पुतण्याने गाडी घातली. नव्वदला पूर्वी जी घरघर असे, ती आता शंभरपर्यंत आली नाही. तेवढ्यावर त्याने समाधान मानले. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असलेल्या गाडीला यापुढे नेऊ नये, हे त्यालाही पटले असावे. निदान तसे त्याने मला सांगितले.

वहिनी पुढल्याच आठवड्यात अकोल्याला जाऊन आल्या. कशी वाटली विचारले, तर म्हणाल्या, "चौकात जरा घसा खाकरते. चढावर ठीक आहे." आणि आईसाठी आणायची औषधे आणली का, ते पाहायला पिशवी उघडून बसल्या.