नव्याण्णव टक्के ग्रहण

पुण्याच्या माणसाला गाव सोडून काही बघायला चला म्हटलं, की त्याचा पहिला प्रश्न असतो, "का? इथून दिसत नाही का?" खग्रास सूर्यग्रहण इथून दिसत नसेल, तर ती त्याच्या मते सूर्याची गैरसोय. कुठल्याही एका ठिकाणी असं ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं, असं खगोलवाले सांगतात. पुणेकर म्हणतो, "येईल की मग! आम्ही कुठं जातोय?"

तोवर तो खंडग्रासावर भागवतो. "नव्याण्णव टक्के काय आणि शंभर टक्के काय!" हे वाक्य मी चक्क बँकेत ऐकलं. नऊ रुपयांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत व्हाउचरं उपसणाऱ्या माणसानं हे म्हणावं? हिशेब जुळतो किंवा जुळत नाही. नव्याण्णव टक्के जुळलेला हिशेब घेऊन कोणी घरी जात नाही. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. म्हणजे एक टक्का बाकी राहिला तरी चार हजार पौर्णिमा शिल्लक! एवढ्या उजेडात सूर्याभोवतीचं ते मोतिया प्रभामंडळ दिसणार कसं?

गाव सोडणारे पुणेकर झालेच नाहीत, असं मात्र नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासाला इथल्या सायन्स कॉलेजातले प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपलं सामान घेऊन सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला गेले. पुण्यात त्यांच्या ताब्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, पण सावली जेऊरवरून जाणार होती. तिकडे विजयदुर्गावर लॉकियरसाहेब ठाण मांडून होते, आणि अमेरिकेतले कॅम्पबेलसाहेबही जेऊरलाच उतरले होते. सगळा खटाटोप सुमारे दोन मिनिटांसाठी!

आमच्या घरावर ही वेळ १६ फेब्रुवारी १९८० ला आली. सावली कारवार, हुबळी, रायचूर अशी जाणार होती. बाबांनी हुबळीचं तिकीट काढलं. पण मी आईच्या पोटात होतो. आजीनं हुकूम सोडला: पोटुशी बाई घरात आणि तिचा नवराही घरात. विळी माळ्यावर, पाण्यावर तुळशीपत्र, खिडक्यांवर चादरी. आईनं भाजी चिरली तर माझा ओठ चिरणार होता. बाहेर "दे दान, सुटे गिरान" चाललेलं, आणि आई भर दुपारी अंधाऱ्या खोलीत निजलेली. माझा ओठ शाबूत निघाला. त्याचं श्रेय आजीनं शेवटपर्यंत सोडलं नाही. बाबांनी ते तिकीट परतसुद्धा केलं नाही. पुढं वर्षानुवर्षं ते "माझं ग्रहण हुकलं" म्हणत राहिले.

२२ जुलै २००९ च्या ग्रहणाला मी बाबांना सुरतेला न्यायचं ठरवलं. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'सूर्यग्रहण'. साहेब म्हणाले, "घरात कोणी आजारी नाही का? ते लिहा, लगेच मंजूर करतो." आई शांतपणे म्हणाली, "मीपण येणार. ग्रहण ह्यांचं हुकलं म्हणता. अंधारात मी पडले होते."

त्या दिवशी दिव्याची अवस होती. सुरतेच्या गच्चीवर पहाटेपासून आम्ही काळे चष्मे लावून पूर्वेकडे बघत होतो, आणि पूर्वेला आषाढातले ढग होते. बाबांचा चेहरा हुबळीच्या तिकिटासारखा झाला. सव्वासहानंतर मात्र, उजाडलेलं सगळं कोणीतरी परत गुंडाळून घ्यावं, तसा काळोख पडला. पाखरं गप्प झाली. समोरच्या दुकानात दिवा लागला. सूर्य नाही, प्रभामंडळ नाही. फक्त सकाळी सकाळी उतरलेली ती रात्र. बाबांनी माझा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात शेजारी कचकच आवाज आला. आईनं पिशवीतून सुरी काढली होती, आणि अंधारात, चाचपत, ती काकडी चिरत होती! उरल्यासुरल्या मिनिटांत तिनं ती आम्हाला खायलाही लावली. एकोणतीस वर्षांची थकबाकी तिथं वसूल झाली.

उजेड परत आल्यावर बाबा म्हणाले, "दिसलं नाही, पण झालं बरं का!" आईनं सुरी पुसून पिशवीत ठेवली.

देशातून दिसणारं पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, काश्मीर-लडाखच्या बाजूला. बाबांनी आतापासून आरक्षणाची चौकशी चालवली आहे. आई म्हणते, "तिकडं मार्चात काकडी मिळते का, ते आधी विचारा."