गच्चीवरची होडी

जे. पी. नगरहून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. तरी ह्यांनी गच्चीवर होडी बांधायला घेतली. म्हणे, लेकाच्या अकराव्या वाढदिवसाची भेट!

'ऑप्टिमिस्ट' नावाची ही शिडाची होडी फ्लोरिडाच्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली खास मुलांसाठी आखली. प्लायवूडच्या दोन तक्त्यांत बसावी म्हणून नाक बोथट आणि तळ सपाट. लांबी जेमतेम २.३ मीटर, म्हणजे आमच्या दिवाणाहून थोडी जास्त. आता ती बहुधा फायबरग्लासचीच होते. ह्यांनी एका ओळखीच्यांकडून साचा आणला. त्यात आधी रंगाचा थर, मग काचतंतूंची चटई, त्यावर रेझिन, आणि रोलर फिरवून एकेक बुडबुडा काढायचा. एका दुपारी उन्हाने रेझिन पातेल्यातच दगडासारखं झालं. पातेलं माझं होतं, हे सांगायला नकोच! वासामुळे खालच्या मामी दोनदा वर येऊन गेल्या.

मला मात्र भीती होती पाण्याची. मी मालवणची. पण चुलतभाऊ समुद्रात गेला, तेव्हापासून बाबांनी मला होडीत पाऊल ठेवू दिलं नाही. पोहणंही राहूनच गेलं. लेक पोहतो, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. 'आजोबा हो म्हणाले तरच,' असं मी बजावलं.

बाबा आले. त्यांनी होडीवर बोटांनी टकटक केलं, कड उचलून पाहिली. सगळी मिळून पस्तीस किलो.

"हलकी आसा," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळून, "उलाटली तर?"

ह्यांनी आत बांधलेल्या हवेच्या तीन पिशव्या दाखवल्या. उलटली तरी बुडत नाही, म्हणाले. बाबा गप्पच.

रविवारी कनकपुरा रस्त्यावरच्या मित्राच्या शेततळ्यात होडी सोडली. लेकाच्या अंगात लाइफ जॅकेट, होडीला दोरी, दोरीचं टोक माझ्या हातात. बाबांच्या सांगण्यावरून त्याने ती मुद्दाम उलटवली. शीड पाण्यावर आडवं पडलं, आणि माझा श्वासच अडकला. लेक पोहत पलीकडे गेला, तळातून बाहेर आलेल्या उभ्या फळीवर चढला आणि कड धरून मागे रेलला. होडी हळूहळू सरळ झाली, काठोकाठ भरलेली, पण तरंगत! आत चढून तो कापलेल्या डब्याने पाणी उपसू लागला.

"गो, दोरी सोड आता," बाबा म्हणाले.

सोडली. पण आधी टोक नारळाला बांधलं.