तीन ओळींची चिठ्ठी

येत्या जुलै महिन्यात आम्ही दोघे नवरा-बायको स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सान सेबास्तियान शहरी जायचे म्हणतो आहोत. तिथले बास्क लोक आपल्या भाषेत या शहराला दोनोस्तिया म्हणतात. नातेवाइकांनी विचारले, "तिकडे बघण्यासारखे काय आहे?" आम्ही सांगितले, "मासे." त्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एका खालाजान म्हणाल्या, "डुकराच्या तंगड्या टांगलेल्या मुलखात तुम्ही खायला चाललात?"

खालाजान चुकीचे बोलल्या नव्हत्या. त्या शहराच्या जुन्या भागात अरुंद गल्ल्यांतून एकाला लागून एक बार आहेत. काउंटरवर पिंचो मांडलेले असतात. पिंचो म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीवर रचलेला घास-दोन घासांचा खाऊ. लोक उभ्याउभ्या एखादा खातात आणि पुढच्या बारमध्ये जातात. वर खारवलेल्या डुकराच्या तंगड्या लटकतात, शेजारी चाकोली नावाची आंबटसर पांढरी वाइन उंचावरून पेल्यात ओतली जाते. मग आमच्यासाठी काय उरते? आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

आमच्या घरात आणखी एक भानगड आहे. आमच्यातला एक दापोलीकडचा कोकणी, म्हणून शाफई. दुसरीचे माहेर सोलापूर, म्हणून हनफी. एकाला म्हाकूळ चालतो, दुसरीला चालत नाही. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात यावरून रुसवा झाला होता. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात दोन कढया आहेत. यादीतही आम्ही दोन रकाने आखले. शाईत शिजवलेले छोटे म्हाकूळ एका रकान्यात गेले. खवल्यांचे सगळे मासे दोन्ही रकान्यांत आले, आणि हा रकाना बघता बघता पानभर झाला.

पहिले नाव गिल्डाचे. काडीला ऑलिव्ह, हिरवी लोणच्याची मिरची आणि खारवलेली अँचोवी. अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली. १९४६ च्या एका चित्रपटातल्या नायिकेवरून या पिंचोला नाव पडले. दुसरा, बाकालाओ पिल-पिल. खारवलेला कॉड, ऑलिव्ह तेल, लसूण आणि सुकी मिरची, बस्स. भांडे हलवत राहिले की माशातल्या चिकटपणाने तेलच दाट होते. तिसरा, मार्मिताको. कोळ्यांनी होडीवर रांधायला सुरुवात केलेला, कुपाच्या जातीचा पांढरा मासा आणि बटाट्याचा रस्सा. हा मासा उन्हाळ्यात येतो, म्हणूनच जुलै ठरवला. सप्टेंबरमध्ये चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा खोल्या महाग. एक दिवस जवळच्या गेतारियाला, निखाऱ्यावर भाजलेला टर्बट खायला. हे एल्कानोचे गाव. पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तो १५२२ मध्ये परतला, तेव्हा त्याच्या जहाजात तिदोर बेटावर भरलेल्या लवंगा होत्या, आणि त्या बेटाचा राजा मुस्लिम सुलतान होता. हिरव्या सॉसमधल्या हेक माशापुढे मात्र आम्ही प्रश्नचिन्ह काढले. त्यात बहुतेकदा पांढरी वाइन घालतात. नमाजच्या वेळाही लिहून ठेवल्या. जुलैत तिथे मगरिब रात्री दहाच्या सुमाराला होते. तिथल्या लोकांच्या जेवणाची वेळही तीच.

सगळे जुळले. राहिला एकच प्रश्न. तिथे सांगायचे काय?

आजवर आम्ही एक सोपे उत्तर वापरत आलो. कचेरीतली पार्टी असो, मुलाच्या मित्राचे लग्न असो की प्रवासातला अनोळखी यजमान, "आम्ही शाकाहारी आहोत" म्हणायचे. कुणी पुढे काही विचारत नाही, चेहरे बदलत नाहीत. तीस वर्षे आम्ही असे खोटे बोललो आणि पनीर खाल्ले. मुलगा एकदा म्हणाला, "अब्बा, तुम्ही मासे सोडलेत का?" त्याला काय सांगावे, ते तेव्हा सुचले नाही.

सान सेबास्तियानमध्ये हे उत्तर चालणार नाही. शाकाहारी म्हटले की मासाही गेला, मग जायचे कशाला?

स्पेनबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट ठळकपणे समोर आली. बास्क किनाऱ्यावर अंदलुसची सत्ता कधी रुजली नाही. पण त्याच देशात सोळाव्या शतकात सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी डुकराचे मांस आणि दारू नाकारली, तर धर्मन्यायालयापुढे तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरे. १६०९ ते १६१४ या काळात त्या सगळ्यांना देशाबाहेर काढले. एका ताटाला 'नको' म्हणण्याची किंमत माणसांनी घर देऊन चुकवली. आमच्यावर तर तसली कुठलीच सक्ती नव्हती. आम्ही लपलो ते केवळ संकोचाने.

परवा रात्री आम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिठ्ठी लिहिली. स्पॅनिश शिकणाऱ्या भाचीकडून ती तपासून घेतली. मजकूर तीन ओळींचा आहे. आम्ही मुसलमान आहोत. डुकराचे मांस आणि दारू आम्हाला चालत नाही, सॉसमधलीसुद्धा. मासे मात्र मनापासून खातो.

चार प्रती काढल्या. त्यांतली एक इथेच, घरच्या भाषेत लिहून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात शेजारच्या लग्नाचे आमंत्रण आहे. सुरुवात तिथूनच करावी म्हणतो.