भूमिका तीच, सही नवी

आमच्या घरी सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. त्यामुळे दिवेलागणीनंतर बराच मोकळा वेळ हाती उरतो, आणि सांगण्यास थोडा संकोच वाटतो, पण त्यातील बहुतेक वेळ दूरचित्रवाणी संचासमोर जातो. बँकेच्या नोकरीत असताना हे सुख माझ्या वाट्याला आले नव्हते. रोकड जुळेपर्यंत शाखेतून पाय निघत नसे. घरी पोहोचेपर्यंत मालिका संपलेली असे. २०१८ साली निवृत्त झालो आणि सौभाग्यवतींच्या शेजारची रिकामी खुर्ची मी पटकावली. तेव्हापासून मीही एक नियमित प्रेक्षक आहे.

‘आई कुठे काय करते’ ही मालिका आम्ही पहिल्या भागापासून पाहिली. २३ डिसेंबर २०१९ रोजी ती ‘स्टार प्रवाह’वर सुरू झाली आणि तीन महिन्यांतच टाळेबंदी आली. चित्रीकरण थांबले. नवे भाग पुन्हा सुरू झाले तेव्हा अरुंधती तीच होती, अनिरुद्ध तोच होता. परंतु संजना बदललेली होती. दीपाली पानसरे यांच्या जागी रूपाली भोसले आल्या होत्या. सौभाग्यवतींनी हातातले तांदळाचे ताट बाजूला ठेवले आणि निकाल दिला, “ही आपली संजना नव्हे.”

मी बँकेतल्या अधिकारवाणीने म्हणालो, “नवा मॅनेजर आला की पहिला महिनाभर सगळ्या खातेदारांना जुनाच बरा वाटतो. महिनाभर थांब, मग बोल.”

महिना पुरा होण्याआधीच आमच्या घरातील मत पालटले. दीपालीताईंचे काम उणे होते असे मुळीच नाही. परंतु नव्या संजनेत एक धार होती, हट्ट होता आणि त्या हट्टाच्या मागे दडलेली असुरक्षितताही होती. समोरची व्यक्ती अशी ठाम उभी राहिली, तेव्हा अरुंधतीचे सोसणे आणि नंतरचे तिचे उभे राहणे अधिक खरे वाटू लागले. एक पात्र बदलले आणि सगळ्या घराचा तोल सुधारला. मालिका २०२४ च्या अखेरपर्यंत चालली. आज संजना म्हटले की आमच्या घरी रूपाली भोसले यांचाच चेहरा आठवतो.

तेव्हापासून मला एक छंद जडला. पात्र बदलल्यावर कोणती मालिका सावरली, कोणती घसरली, याची मनातल्या मनात नोंद ठेवायची. सवय जुनी, जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला.

जमेच्या बाजूला पहिली नोंद आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाली. एका गुजराती व्यापारी एकत्र कुटुंबाची ती कथा असल्याने आपल्या घरांतून ती किती आपुलकीने पाहिली गेली, हे वेगळे सांगायला नको. त्यातील मिहीर प्रथम अमर उपाध्याय यांनी साकारला. मालिका सुरू होऊन फार काळ झाला नव्हता तोच कथेत मिहीरचा मृत्यू झाला, आणि प्रेक्षकांनी इतका गहजब केला की मिहीरला परत आणावे लागले. पुढे अमर उपाध्याय गेले, काही काळ इंदर कुमार आले आणि त्यानंतर रोनित रॉय. त्यांनी २००८ पर्यंत ती भूमिका निभावली. अमर उपाध्याय यांचा मिहीर घरचा लाडका मुलगा होता. रोनित रॉय यांचा मिहीर हा घराचा कर्ता पुरुष झाला. कथा पुढच्या पिढीकडे सरकत होती, तिला असाच मिहीर हवा होता.

परंतु त्याच मालिकेची एक नोंद नावेच्या बाजूलाही आहे. २००७ साली तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणी यांच्या जागी गौतमी कपूर आल्या. अभिनेत्री गुणी, आपल्या मराठी. तरी तो बदल रुजला नाही आणि पुढच्या वर्षी स्मृती इराणी परतल्या. घर एकच, लेखक-दिग्दर्शकांचा चमू तोच. मग एक बदल लाभला आणि दुसरा का लाभला नाही? मला वाटते, मिहीरला वर्षे मिळाली आणि नव्या माणसाच्या स्वभावाप्रमाणे भूमिकाही वळली. नव्या तुलसीला काही महिनेच मिळाले आणि तिने हुबेहूब जुनी तुलसी असावे, अशी आपली अपेक्षा होती.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ या २०१६ साली सुरू झालेल्या ‘झी मराठी’वरील मालिकेचे उदाहरण आणखी बोलके आहे. घरात दुर्लक्षित झालेली नागपूरची राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभा करते, म्हणून आमच्या घरातल्या स्त्रियांना ती विशेष प्रिय. त्यातील शनाया प्रथम रसिका सुनील यांनी रंगवली. २०१८ मध्ये त्या चित्रपटकलेच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि ‘जय मल्हार’मधल्या बानूला, म्हणजे ईशा केसकर यांना, ती भूमिका मिळाली. साध्याभोळ्या बानूने शनायाचा नखरा करायचा, ही कल्पनाच आम्हाला पटेना. पण त्यांनी रसिकाबाईंची नक्कल केली नाही. आपली वेगळी, अधिक विनोदी शनाया उभी केली. २०२० मध्ये रसिका सुनील परत आल्या, तेव्हा सौभाग्यवती पुन्हा म्हणाल्या, “ही आपली शनाया नव्हे.” मी हसू आवरले. ‘आपली’ हा शब्द किती लवकर माणसे बदलतो!

विलायतेत बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेने तर या अडचणीतून परंपराच निर्माण केली. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. तेव्हा लेखकांनी असे योजले की, हा डॉक्टर परग्रहावरचा असल्याने त्याचे शरीर पालटू शकते. पॅट्रिक ट्राउटन आले आणि त्यांनी अगदी निराळ्या स्वभावाचा डॉक्टर साकारला. पुढे कितीतरी नट त्या भूमिकेत आले. त्या वेळी एकाच चेहऱ्याचा आग्रह धरला असता, तर ती मालिका तिथेच संपली असती.

रंगभूमीला हे नवे नाही. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले ते डॉ. श्रीराम लागू यांना घेऊन. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा अनेकांनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. आमच्या वडिलांनी लागूंचा प्रयोग मुंबईला जाऊन पाहिला होता. मी महाविद्यालयात असताना दत्ता भटांचा पाहिला. मी भारावून घरी आलो, तर वडील म्हणाले, “लागूंचा पाहिला नाहीस, तर काहीच पाहिले नाहीस.” त्या वाक्याने मला किती खिन्न केले होते, हे आजही आठवते. माझे पाहणे त्यांनी एका वाक्यात रद्दबातल केले होते. आपण असे कधीही बोलायचे नाही, असे मी तेव्हा ठरवले होते.

आणि मी नेमके तेच बोललो. आता ती हकिगत सांगतो.

आमचे पनवेलच्या बाजारपेठेत किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. वडिलांनंतर ते मोठे बंधू, म्हणजे दादा, आणि आता पुतण्या सांभाळतो. मी एकटाच नोकरीत गेलो. निवृत्त झाल्यावर दादा म्हणाले, “तू एम.कॉम., आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेस, आता घरचे बघ.” मी आनंदाने हिशेबाचे टेबल घेतले. सात वर्षे नेटाने काम केले. गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, नवीन आर्थिक वर्ष सुरू होताना पुतण्याने सुचवले की हिशेब आता त्याच्या पत्नीने पाहावेत. ती वाणिज्य पदवीधर, लग्नापूर्वी कर सल्लागाराकडे काम केलेली. मी तोंडाने “अवश्य” म्हणालो.

पण रोज सकाळी दहाला दुकानात जाऊन बसण्याचे काही मी सोडले नाही. तिच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचो. “मी हे असे लिहीत नसे.” “या पार्टीला आपण फोन करत नाही.” “अगं, बिले तारखेने लाव, नावाने नको.” ती प्रत्येक वेळी “बरं काका” म्हणायची. महिनाभरात तिचे बोलणे कमी झाले, हे सर्वांच्या लक्षात आले. माझ्याच आले नाही.

मग जूनमध्ये तिने उधारीची यादी काढली आणि सर्व ग्राहकांना बाकी कबूल करण्याची पत्रे पाठवायचे ठरवले. मी सर्वांसमोर आवाज चढवला. “दोन-दोन पिढ्यांची गिऱ्हाइके आहेत आपली. अशी पत्रे पाठवून त्यांचा अपमान करायचा? माझ्या वेळी असे कधी झाले नाही!”

ती गप्प राहिली. फक्त एक कागद माझ्यापुढे सरकवला. चौदा खाती होती. शेवटचा व्यवहार २०१८ किंवा २०१९ चा. एकूण बाकी एक लाख ब्याऐंशी हजार. मी कागदाकडे पाहतच राहिलो. मालाच्या उधारीची दाद मागण्याची मुदत तीन वर्षांची असते. कोविडकाळामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो सोडला तरी ही सर्व खाती मुदतबाह्य झालेली होती. मुदत संपण्याआधी ग्राहकाची लेखी कबुली घेतली की तेथून नवी तीन वर्षे मिळतात, हे मी बँकेत प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला शिकवत असे. आणि घरच्या दुकानात भिडेपोटी सात वर्षांत एकही सही घेतली नव्हती. “माझ्या वेळी असे कधी झाले नाही” हे खरेच होते.

त्या रात्री मी दूरचित्रवाणी लावली नाही. सौभाग्यवतींना सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “संजना बदलली तेव्हा मला महिनाभर थांबायला सांगितले होते तुम्ही. सूनबाईला किती दिले?”

मला माझ्या बदल्या आठवल्या. दर तीन वर्षांनी नवी शाखा. जुना मॅनेजर किल्ल्या देई, रोकड आणि कागदपत्रे मोजून देई, चार्जच्या यादीवर दोघांच्या सह्या होत आणि तो निघून जाई. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत नसे. आणि नव्या मॅनेजरकडून जुन्याची सही गिरवून घ्यावी, असे तर कोणत्याही बँकेत चालणार नाही. त्याची स्वतःची नमुना सही घेतात आणि त्या दिवसापासून तीच ग्राह्य धरतात. दुकानात मी टेबल दिले होते, चार्ज दिलाच नव्हता. सूनबाईने माझीच सही गिरवावी, असा माझा हट्ट होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तो सही करायला. एका कागदावर शिल्लक, येणे, देणे, कपाटाच्या किल्ल्या, सर्व लिहिले. तिने व मी सही केली. दादा गल्ल्यावरून पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला, बोलले काही नाही. मग मी तिला म्हणालो, “पत्रे पाठव.”

ती म्हणाली, “पाठवते काका. पण कोणाला पाठवायची नाहीत, ते तुम्ही सांगा. ते मला वहीतून कळत नाही.”

यादीत एका विधवा बाईंचे नाव होते. पती गेल्यावर त्यांनी खालापूरकडचे दुकान बंद केले होते. ते नाव मी काढायला सांगितले. बाकी तेरा पत्रे गेली. कोणीही रागावले नाही. एक जुने ग्राहक स्वतः येऊन म्हणाले, “काका, तुम्ही कधी मागितलेच नाही. आम्हाला वाटले, तुम्ही सोडून दिले.” मुदतबाह्य देणेही ग्राहकाने फेडण्याचे लेखी वचन सहीनिशी दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते बंधनकारक ठरते. तशी वचने सूनबाईने आठ जणांकडून घेतली. हप्ते येत आहेत. उरलेले पाच अजून आलेले नाहीत. येतीलच असे नाही.

आपल्या घराघरांत हा प्रसंग आज ना उद्या येतो. गल्ल्यावर मुलगा बसतो, हिशेब सुनेकडे जातात, स्वयंपाकघराची सूत्रे सासूकडून सुटतात. नव्या माणसाने जुन्याची नक्कल करावी, असे आपण मागतो, आणि ती जमली नाही की बदल फसला म्हणतो. जे बदल लाभले त्यांत नव्याला आपली सही करू दिली गेली आणि थोडा अवधी दिला गेला, इतकेच मला मालिकांच्या जमाखर्चातून दिसले.

२०२५ च्या जुलैमध्ये ‘क्योंकि’ पुन्हा सुरू झाली. तुलसी स्मृती इराणीच, आणि मिहीरच्या भूमिकेत पुन्हा अमर उपाध्याय. सौभाग्यवती पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “हा आपला मिहीर नव्हे, आपला तो रोनित रॉय.” मी काही बोललो नाही. आता मी दुकानात आठवड्यातून एकदा, गुरुवारी जातो. तेही बोलावले तर.